फुराहाचे सात वार

रविवार, ८ सप्टेंबर २०२४

मंडळाच्या गणपतीत आज बोलून बसलो. आता निभेल ना, या काळजीने दुपारी डोळा लागला नाही, म्हणून बायकोची, वनिताची, ही वही काढली. कोण जेवायला आलं आणि काय केलं होतं, एवढंच ती हिच्यात लिहायची. ती गेल्यापासून निम्मी पानं कोरी पडली आहेत. या घरात माझं अक्षर कोणी वाचणार नाही. मुलाला, शंतनुला, मराठी छापील तेवढं अडखळत येतं, सून अपूर्वाला येतं पण वेळ नाही, आणि नात केया तर इथेच जन्मलेली. तेव्हा मनात येईल ते लिहायला हरकत नाही.

प्रोफेसर चारुदत्त मंडळाचे अध्यक्ष. हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत शिकवायचे, आता रिटायर. आरतीनंतर त्यांनी सांगितलं की युनिव्हर्सिटीने एक योजना काढली आहे. आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या छावण्यांमधून हुशार मुलं निवडून आणायची. फी माफ, पहिलं वर्ष खोलीही फुकट. जेवणाचं मात्र गावातल्या एखाद्या मंडळाने बघायचं, आणि दुसऱ्या वर्षापासून राहण्याचंही. आपल्याकडे एक मुलगी आली आहे. मूळची काँगोची, टांझानियातल्या छावणीत वाढलेली. नाव फुराहा. नर्सिंग शिकणार आहे. काय करू या?

कोणी म्हणालं गिफ्ट कार्ड देऊ. कोणी म्हणालं फूड बँक आहे की. मी मागच्या खुर्चीवर होतो, का उभा राहिलो कोण जाणे. म्हटलं, "वार लावू या."

तरुण मंडळींना कळलंच नाही. एकीने विचारलं, "वार म्हणजे, लाइक, व्हॉट?" मग सांगावं लागलं की पूर्वी गरीब विद्यार्थी सात वार सात घरी जेवायचे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. कोणाला भार नाही आणि पोराचं शिक्षण होतं. चारुदत्तांच्या मिसेस, डॉक्टर चित्राताई, डोळे पुसायला लागल्या. "माझे वडील वारावर शिकले," म्हणाल्या. टाळ्या झाल्या. पंधरा मिनिटांत सात घरं ठरली. रविवार चारुदत्तांचा. मंगळवार गौरांगीचा, ती फार्मसिस्ट आहे. गुरुवार माझा. मी एकच अट घातली. वार मोडायचा असेल तर मोडा, पण पोरीला तोंडावर सांगा. सगळे म्हणाले, ऑफ कोर्स, भाऊसाहेब.

परत येताना गाडी शंतनु चालवत होता. आमच्या मिल्टनच्या एक्झिटला म्हणाला, "बाबा, तिला हॅमिल्टनहून आणायचं कोणी?"

"तू रोज कामावरून तिथूनच येतोस की."

"आणि परत सोडायचं?"

अपूर्वा म्हणाली, "शंतनु, लेट इट गो. नंतर बोलू." गुणी आहे.

गुरुवार, १२ सप्टेंबर

मंगळवारी चारुदत्त युनिव्हर्सिटीचा फॉर्म घेऊन आले होते. मुख्य यजमान म्हणून माझी सही. "तुमची कल्पना, तुमचा मान," म्हणाले. मी सही मराठीतच करतो. फौंड्रीत तीस वर्षं पगाराच्या कागदावर मराठीतच केली, कोणी हरकत घेतली नाही. मला ड्रॉइंग वाचता येतं, रस्त्यावरच्या पाट्या येतात, औषधाच्या बाटलीवरचं येतं. इंग्रजी पत्र मात्र येत नाही. ओळी लांब होत जातात आणि मागचं सुटतं. हे चारुदत्तांना ठाऊक नाही.

आज फुराहा आली. उंच, सडपातळ, एकोणीस वर्षांची. बूट काढून दाराशी सरळ रेषेत लावले. आमचं बोलणं इंग्रजीत, माझं फौंड्रीतलं आणि तिचं शाळेतलं. इथे मराठीत लिहितो. मला म्हणाली, "तुम्हाला बाबू म्हणू का? आमच्याकडे आजोबांना बाबू म्हणतात." म्हटलं, आमच्याकडे बाबू म्हणजे ऑफिसातला कारकून, आणि तेवढं शिक्षण काही माझं झालं नाही. खूप हसली.

अपूर्वाने वरण-भात, फ्लॉवरची भाजी, चपात्या केल्या. मी समोर बसून वाढायला लावलं. तिने तूप नको म्हटलं, मी घालायला लावलं. वाढत्या वयाला लागतं. आठ वाजता शंतनु तिला सोडायला गेला, साडेनऊला आला. मी तोवर दारातच. रस्त्यावर काही झालं तर जबाबदारी माझी ना?

गुरुवार, १७ ऑक्टोबर

सगळं सुरळीत. तरी दर गुरुवारी मी तिला प्रत्येक वाराचं विचारून घेतो. सोमवारी पोहे. मंगळवारी गौरांगीकडे भरली वांगी. रविवारी चारुदत्तांकडे काय काय होतं. "त्यांच्या बेसमेंटमध्ये छान टेबल आहे," म्हणाली. "मला तिथे एकटीला शांतपणे अभ्यास करत जेवता येतं." बरं आहे, बेसमेंट उबदार असतं. कराडला सोमवारच्या घरी मला मागच्या पडवीत पान मांडायचे, तिथे वारा फार लागायचा.

ती विचारत होती, तुमचं शिक्षण किती, बाबू? सांगितलं. कोणाला सांगत नाही, तिला सांगितलं. सातवीनंतर गावाहून कराडला आलो हायस्कूलसाठी. सात घरं वडिलांनी पाया पडून मिळवली होती. आठवी पार पडली. नववीत दिवाळीनंतर एका मंगळवारी गेलो तर दाराला आतून कडी. आत फोडणीचा वास, पोरांचा आवाज. मी पायरीवर बसून राहिलो. वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुढच्या मंगळवारीही गेलो. तिसऱ्याही. मग शुक्रवारचं घर तसंच झालं. का, ते कोणी सांगितलं नाही. माझं काय चुकलं ते मी अजून शोधतो. दोन दिवस उपाशी राहून भूमिती डोक्यात शिरेना. कोल्हापूरला फौंड्रीसाठी लाकडी साचे करणाऱ्या एका पॅटर्नमेकरच्या हाताखाली गेलो. शाळा तिथेच संपली.

फुराहाने हातातला चपातीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "तीन मंगळवार का गेलात?"

"सांगितलं नव्हतं ना कोणी."

गुरुवार, २१ नोव्हेंबर

रस्ते निसरडे. शंतनुने विंटर टायर्स घातले का, तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो ओरडला. "हो बाबा! आणि दर गुरुवारी दीड तास एक्स्ट्रा ड्राइव्ह करतोय, तेही करतोय!" मग सॉरी म्हणाला. ऑफिसात काही बिनसलं असावं.

अपूर्वाची मैत्रीण आली होती. तिने मराठीत विचारलं, "तिला घरात एकटी सोडता का गं?" फुराहा समोरच बसलेली. अपूर्वा लाल झाली. मी म्हटलं, माझ्या घरी आलेली आहे ती. फुराहाने मला हळूच विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी सांगितलं, तुझे केस छान आहेत म्हणाली.

शनिवार, १८ जानेवारी २०२५

मंडळाची संक्रांत. फुराहाला चित्राताईंनी काळी साडी नेसवली, हलव्याचे दागिने घातले. स्टेजवर उभी केली, खूप फोटो काढले. चारुदत्त म्हणाले, "ही आपल्या मंडळाची लेक. सात घरं आणि एक लेक!" टोरंटोहून पाहुणे आले होते, त्यांच्या मंडळातही वार लावणार म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. नसेल आठवलं, एवढ्या गर्दीत.

मग तिला छावणीबद्दल बोलायला लावलं. ती थोडंच बोलली. दिवे नव्हते, एका पुस्तकात अकरा जण, एवढंच. एका पाहुण्याने विचारलं, तिथे आठवड्यातले किती दिवस उपाशी राहावं लागायचं? ती म्हणाली, "आज शनिवार आहे. शनिवारी मी जेवते." सगळे हसले. हजरजबाबी आहे. मीही हसलो.

निघताना तिने साडीची घडी करून पिशवीत घातली आणि पिशवी चित्राताईंना परत दिली. त्या म्हणाल्या, ठेव गं. तिने ठेवली नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दोन फूट बर्फ. मी शोव्हल करायला निघालो तर अपूर्वाने फावडं हातातून काढून घेतलं. या घरात मला काही करू देत नाहीत.

फुराहा वाळली आहे. आज सहा चपात्या खाल्ल्या आणि उरलेली भाजी डब्यात मागितली. परीक्षेमुळे भूक लागते म्हणाली. मी वारांची चौकशी केली. मंगळवारी काय होतं? "भेंडी, बाबू. फार छान." मग मला आठवलं, गौरांगीचा गोव्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर परवाच आला होता, समुद्रावरचा. म्हटलं, गौरांगी तर इंडियात आहे? ती क्षणभर थांबली. म्हणाली, "त्यांनी जाण्याआधी फ्रीजरमध्ये ठेवून दिली होती." याला म्हणतात व्यवस्थितपणा. चार महिन्यांसाठी गेली आहे, तरी पोरीची भेंडी करून ठेवून गेली. गौरांगीला मेसेज करून आभार मानले. तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

शुक्रवारचे लोक फ्लोरिडाला आहेत असं शंतनु म्हणाला. त्यांनीही ठेवलं असेल करून.

रविवार, ३० मार्च

पाडव्याचा कार्यक्रम. मन थाऱ्यावर नाही.

दुसऱ्या वर्षाचं पत्र युनिव्हर्सिटीला १५ एप्रिलच्या आत द्यायचं आहे. मंडळाने लिहून द्यायचं की राहणं-जेवणं आम्ही बघू. पत्र गेलं नाही तर तिची जागा वर्षभर थांबवतात. मी सभेत विषय काढला. तर शौनक नावाचा एक मुलगा उभा राहिला. साताऱ्याचा, इथे कॉलेजात शिकतो आणि गोदामात काम करतो.

म्हणाला, "आजोबा, राग मानू नका. आम्ही आठ जण एका बेसमेंटमध्ये राहतो. दोघांना पार्ट-टाइमही नाही. गुरुद्वारात जेवतो. आम्ही मराठीच आहोत ना? आम्हाला कोणी वार लावला?"

मी म्हटलं, "तुलाही लावू. पण तिचा मोडून नको."

मागून कोणीतरी म्हणालं, "घरं कुठून आणायची, भाऊसाहेब? आहेत तीच टिकत नाहीयेत." हशा. मला कळेना, टिकत नाहीत म्हणजे काय? सातही चालू आहेत, फुराहाच सांगते.

चारुदत्त म्हणाले, "हा इमोशनल विषय आहे. कमिटीत बघू." शंतनु कमिटीत आहे, म्हणून मी निर्धास्त.

निर्धास्त लिहिलं खरं, पण घरी येताना त्याला चारदा विचारलं. शेवटी तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बीपी वाढवू नका. मी हँडल करतो."

रविवार, १३ एप्रिल

झालं! आज सकाळी चहाच्या वेळी शंतनुने कागद आणला. मंडळाचं वर छापलेलं नाव, खाली चारुदत्तांची सही, शेजारी माझी जागा. मी चष्मा शोधायला उठलो, तर म्हणाला, "फक्त सही हवी आहे, बाबा. मला स्कॅन करायचंय."

"पुढच्या वर्षाचं ना हे? फुराहाचं?"

"हो. पुढच्या वर्षाचंच."

"वाचून दाखव की."

"फॉर्मल भाषा आहे, बाबा. आपलं जे ठरलं तेच."

अपूर्वा सिंकपाशी पाठमोरी होती. नळ चालूच ठेवला होता तिने. भांडं मात्र हातात नव्हतं.

मी सावकाश, सुवाच्य सही केली. केया सोफ्यावर फोन बघत होती, तिला म्हटलं, बघ, तुझ्या आजोबांची सही युनिव्हर्सिटीत जाते आहे. "नाइस, आजोबा," म्हणाली. दोन दिवस हातात असताना काम झालं. आज पोटभर जेवलो.

गुरुवार, १७ एप्रिल

फुराहाला दारातच सांगितलं. सही केली. तुझं पुढचं वर्ष पक्कं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग बूट न काढता आत आली, पहिल्यांदाच.

जेवताना तिने छावणीत आईला फोन लावला. त्यांच्या भाषेत भराभर बोलत होती, मध्येच रडत होती, मध्येच हसत. फोन माझ्याकडे दिला. आई काय बोलत होती मला कळत नव्हतं, पण ती गायला लागली. दोन-तीन बायका तिच्यामागे गात होत्या. मी नुसतं "येस, येस, थँक यू" म्हणत राहिलो. असं कोणी माझ्यासाठी कधी गायलेलं नाही.

शंतनु जेवायला बसलाच नाही. गॅरेजमध्ये टायर काढत होता. एप्रिल उजाडला आहे, उन्हाळ्याचे घालायला हवेतच, पण आजच काय अडलं होतं? अपूर्वाने फुराहाला चपात्या वाढल्या आणि वाढता वाढता आत निघून गेली.

गुरुवार, २४ एप्रिल

फुराहा आली नाही. अपूर्वाने चपात्याही लाटल्या नव्हत्या. शंतनु म्हणतो, एक्झाम आहे. फोन केला तर उचलत नाही. ती न सांगता चुकवणारी नव्हे. वार तिनेही न सांगता मोडू नये, नियम सगळ्यांना सारखा. मनाला लागलं. एवढं केलं आणि काम झाल्यावर फोन उचलत नाही? चारुदत्त म्हणाले होते एकदा, ही मुलं पुढे गेली की वळून बघत नाहीत.

मी सात वाजेपर्यंत तिची थाळी टेबलावर ठेवली होती.

सोमवार, २८ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीतून रोज टपाल मीच आणतो. आज माझ्या नावाचं जाड पाकीट होतं, युनिव्हर्सिटीचं. मला वाटलं, आभाराचं. केया शाळेतून आल्यावर तिला म्हटलं, वाच, मोठ्याने वाच.

तिने पहिली ओळ वाचली आणि थांबली. "आजोबा, यू नो व्हॉट धिस इज, राइट?"

"पुढच्या वर्षाचं."

"नो. दॅट्स नॉट व्हॉट इट सेज." मग बिचारी तोडक्या मराठीत सांगायला लागली. "ते म्हणतात की... मंडळ आता नाही करणार. तुम्ही स्टॉप करताय. तुम्ही अँड चारुदत्त अंकल. देअर इज अ कॉपी." दुसरा कागद काढला. त्यावर माझी सुवाच्य सही. "इट सेज, यजमानांची कपॅसिटी नाही. अँड नेक्स्ट इयरचं ऑफर आता नाही, असं तिने समजावं. अँड मंडळ नवीन प्रोग्राम करतंय, मराठी स्टुडंट्ससाठी." मग हळूच म्हणाली, "डॅडने नाही सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, परत वाच. तिने तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच.

शंतनु आल्यावर कागद पुढे ठेवला. कोट न काढता बसला. म्हणाला, "बाबा, चार घरं ख्रिसमसपासून एकेक करत बंद झाली आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं, कारण ती तुम्हाला सांगत नव्हती. आम्हालाही सांगू नका म्हणाली. कमिटीत आठपैकी सात विरुद्ध होते. मी एकटा काय करणार होतो?"

"मला सांगणार होतास."

"तुम्ही सही केली नसती."

"नसती केली!"

"मग? मग मे महिन्यापासून ती राहणार कुठे? इथे? बेसमेंट फिनिश केलेलं नाही, आणि अपूर्वा..."

अपूर्वा म्हणाली, "माझं नाव पुढे करू नकोस." मग माझ्याकडे वळली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "बाबा, मी हे बरोबर केलं म्हणत नाही. त्या दिवशी नळ सोडून उभी होते मी, मला लाज वाटत होती. पण एक सांगा, गुरुवारी स्वयंपाक कोण करत होतं? ऑफिसमधून सहाला येऊन? वार तुमचा होता ना?"

मी म्हटलं, माझाच. ती रडायला लागली. माझं काय चुकलं यात ते कळलं नाही, पण काहीतरी चुकलं असावं.

शंतनुने युनिव्हर्सिटीला फोन केला. बाई म्हणाल्या, मुदत संपली. जागा वर्षभर राखून ठेवू. तोवर दुसरं कोणी मंडळ उभं राहिलं तर बघू.

मंगळवार, २९ एप्रिल

कोणाला न सांगता निघालो. बर्लिंग्टनला बस बदलून हॅमिल्टनला गेलो. वसतिगृह उद्या रिकामं करायचं असतं, मुलं गाद्या आणि दिवे फुटपाथवर आणून टाकत होती. तिची खोली ठाऊक नव्हती. खालच्या माणसाने फोन करून बोलावलं. ती उतरेल की नाही, याची खात्री नव्हती. उतरली.

बाहेरच्या बाकावर बसलो. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "मी तोंडावर सांगायला आलो आहे. वार मोडला."

"मला माहीत आहे, बाबू. पत्र आलं मला."

"मला माहीत नव्हतं. मी वाचलं नव्हतं."

तिने फोनवर तो कागद उघडला. विश्वास बसला नव्हता तिचा, कसा बसेल? खाली बोट ठेवून म्हणाली, "मी हे पत्र खूप वेळा वाचलं. सगळं समजलं. फक्त ही एक ओळ वाचता आली नाही."

ती माझी सही होती.

मी म्हटलं, "मला तेवढीच वाचता येते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कळलं तिला. हातातला फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

मग मी विचारलं, "मंगळवारची भेंडी?"

"नव्हती."

"शुक्रवार?"

"नव्हता. सोमवारही. जानेवारीपासून बुधवारही."

"गेली होतीस का त्यांच्याकडे?"

"एकदाच गेले, प्रत्येकाकडे. दार उघडलं नाही, मग कळलं. तुमच्यासारखे तीन आठवडे नाही गेले." किंचित हसली. "तुम्ही विचारायचा तेव्हा तुमचा चेहरा फार घाबरलेला असायचा, बाबू. मला वाटायचं, हो म्हटलं की तुम्ही जेवाल."

म्हणजे तीही खोटंच बोलत होती. सगळेच मला सांभाळत होते.

ती उद्या लव्हालला, फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, जाते. तिच्या चर्चमधल्या एका काँगोच्या बाईंकडे. फ्रेंच येतं तिला, वृद्धाश्रमात काम मिळेल. जागा वर्षभर राखून आहे म्हणाले ना, असं मी दोनदा म्हटलं. ती म्हणाली, "छावणीतही असंच सांगायचे." आईला सांगितलंस का? मान हलवली. नाही.

बसपाशी सोडायला आली. मी डबा आणला होता, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचा वरण-भात, खाली लागलेला. तिने उघडून वास घेतला. म्हणाली, "तूप नाही घातलं." पहिल्या दिवशीच नको म्हणाली होती, मीच ऐकलं नव्हतं. डबा घेतला.

गुरुवार, १ मे

सकाळी मंडळाचा मेसेज. 'आपली मुलं, आपले वार', नवीन उपक्रम. वर संक्रांतीचा फोटो. फुराहाला कापून काढलं आहे, तिच्या काळ्या साडीचा काठ तेवढा एका बाजूला राहिला आहे. चारुदत्तांना फोन केला. त्यांना तोंडावरच सांगायचं होतं, पण परवाच्या बसच्या दगदगीने अजून अंग दुखतं. म्हटलं, तुम्ही वाचलेलं होतंत, मी नव्हतं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, अहो, मला वाटलं शंतनुने समजावलं असेल." प्रत्येकाला वाटलं होतं.

शौनकचं भलं होवो. त्याच्यावर राग नाही. त्याच्या आठ जणांना त्यांनी दाराला कडी घालू नये.

संध्याकाळी सहाला शंतनु आला, सरळ, कुठे न वळता. अपूर्वाने चार पानं घेतली. केया आली. शंतनु म्हणाला, "बाबा, चला. जेवून घ्या."

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

"शंतनु, या घरचा माझा गुरुवार मी मोडला. आजपासून गुरुवारी मी इथे जेवणार नाही. अपूर्वाने माझ्यासाठी चपात्या लाटू नयेत. तोंडावर सांगतो आहे."

"बाबा, प्लीज. हे काय? किती दिवस?"

"ती परत वर्गात बसेपर्यंत."

"आणि नाही बसली तर?"

मी पायऱ्या चढून खोलीत आलो. दार लोटून घेतलं, कडी लावली नाही.

खाली भांड्यांचा आवाज येतो आहे. जिऱ्याच्या फोडणीचा वास वरपर्यंत आला आहे. शंतनु दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेला. भूक लागली आहे.